एकाच पावडरीत सगळं भागेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्याकडे एकच कॉम्पॅक्ट आहे. मे महिन्यात देवरुखला चुलतबहिणीचं लग्न आहे, तुम्ही करवली आहात आणि मेकअप स्वतःचा स्वतःच करणार आहात. एकाच फेस पावडरीने चेहऱ्यावर सात कामं केलेली पाहून तुम्हीही तसंच करून बघितलंत. तासाभरात नाकाच्या बाजूंना बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, फुटला, डोळ्यांखाली रेघा उमटल्या आणि फोटोत चेहरा मानेपेक्षा पांढरा आला. म्हणून विचारताय, एका पावडरीत खरंच सगळं होतं का, की प्रत्येक कामाला वेगळी डबी घ्यावी?

बहुतेक सगळं होतं. मी रत्नागिरीत बावीस वर्षं नवरीचा मेकअप करते, त्याआधी चार वर्षं नाटकाच्या रंगभूषेत मदतनीस होते. आजही माझ्या पेटीत चेहऱ्याच्या तीनच पावडरी आहेत, त्याही तीन वेगवेगळ्या वर्णांसाठी. कामं सगळी त्याच पावडरी करतात. तेव्हा डब्या वाढवायची गरज नाही. तुम्ही वापरलेला क्रम प्रश्नात लिहिलाय, बरं केलंत, कारण घोळ तिथेच आहे: सनस्क्रीन, कॉम्पॅक्ट, फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, कन्सीलर (डाग झाकायचा), कॉम्पॅक्ट, क्रीम ब्लश (गालांचा रंग). पावडर कितीदा लावली यापेक्षा ती दर वेळी कशावर बसली आणि तिच्यावर नंतर काय आलं, हे बघायला हवं.

माझी आजी सकाळी फणेरपेटी उघडून बसायची. आधी बोटाने कपाळावर मेणाचा छोटा ठिपका, मग त्यावर कुंकू दाबायचं, आणि आजूबाजूला उडालेलं हलक्या हाताने पुसून घ्यायचं. मेण लागलंय तेवढ्याच जागेवर कुंकू बसतं. मेण नसेल तर ते नाकावर सांडतं, मेण जाड झालं तर दुपारच्या उन्हात ओघळतं. आणि एकदा कुंकू बसल्यावर त्यावर परत मेणाचं बोट फिरवलं तर काय होईल? सगळं फरकटून कपाळभर होईल. ताई, तुमच्या क्रमात हेच झालंय. कॉम्पॅक्टवर कन्सीलर चोळला आणि शेवटी पुन्हा पावडरीवर क्रीम ब्लश, म्हणजे बसलेल्या कुंकवावर दोनदा मेण फिरवलं.

आम्ही शिकलो तेव्हा रंगभूषाकार काका एवढंच म्हणायचे: ओल्यावर ओलं, कोरड्यावर कोरडं. क्रीम, फाउंडेशन, कन्सीलर, क्रीम ब्लश ही सगळी ओली मंडळी एका रांगेत आधी उरकायची. मग पावडर. पावडर बसली की दार बंद, पुढचं सगळं कोरडं: पावडर ब्लश, आयशॅडो, हायलायटर. उलटही तितकंच खरं आहे. पावडर न लावता ओलसर फाउंडेशनवर थेट पावडर ब्लश घासला तर ब्रश पहिल्यांदा टेकतो तिथे रंगाचा डाग धरतो आणि कितीही ब्लेंड केला तरी निघत नाही. गालावर ज्यांचा ब्लश नेहमी पॅची होतो, त्यांच्या ब्लशमध्ये सहसा काही खोट नसते, खाली पावडरीचा पातळ थर नसतो. या दार बंद करण्याच्या नियमाला दोन सवलती आहेत, त्या पुढे येतीलच.

आता पावडरीत असतं काय, ते थोडक्यात. मुख्य भाग बहुधा टाल्क किंवा अभ्रक, त्याने घसरण आणि मऊपणा येतो. केओलिन म्हणजे पांढरी माती किंवा सिलिका तेल शोषते. झिंक किंवा मॅग्नेशियम स्टिअरेटमुळे पावडर त्वचेला धरून राहते. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद देतं, आणि पिवळे, तांबडे, काळे आयर्न ऑक्साइड मिळून त्वचेचा रंग तयार होतो. कॉम्पॅक्टमध्ये हे सगळं वडीसारखं दाबून बसवायला थोडं तेल किंवा सिलिकॉन घातलेलं असतं, लूज म्हणजे सुट्या पावडरीत ते नसतं किंवा अगदी थोडं असतं. म्हणून लूज पावडर हलकी बसते आणि जास्त तेल ओढते. कॉम्पॅक्ट थोडा जड बसतो, पण झाकतो जास्त, पर्समध्ये सांडत नाही आणि टचअपला सोपा पडतो. मला एकच डबी निवडायला सांगितली तर मी तुमच्या वर्णाच्या रंगाची, बारीक दळलेली, चमक नसलेली लूज पावडर निवडीन. पण तुमच्याकडे कॉम्पॅक्ट आहे आणि तो रंगाने जुळत असेल, तर लग्न त्यातही निभेल. फक्त थर आणखी पातळ ठेवावे लागतील.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही, त्या तुम्हाला आरशात बघाव्या लागतील. तुम्ही त्वचा मिश्र म्हणालात, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे. मग खाली लिहिलेलं सगळं नाकाला लागू आहे, पण गालांना निम्मंच. वयही बघा. पस्तिशीच्या पुढे डोळ्यांखाली जी पावडर विशीत शोभते तीच रेघा दाखवते. हवेचा फरक पडतो: मे महिन्यात कोकणात घाम येतो आणि वाळत नाही, पुण्यात किंवा नगरला तोच घाम वाळतो. चेहरा उन्हात दिसणार की हॉलच्या दिव्यांत की फ्लॅशमध्ये, यावरही अवलंबून. आणि घाम आणि तेल एक नाही हे लक्षात ठेवा. पावडर तेल पिते, घाम थांबवत नाही. घामावर पावडर टाकली की कणीक मळल्यासारखी ती चेहऱ्यावरच मळली जाते.

रंगाचं आधी बघू, कारण तो चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. ‘ट्रान्सलुसंट’ लिहिलेल्या पावडरीत रंगद्रव्य कमी असतं, तरी ती सगळ्यांच्या चेहऱ्यावर नाहीशी होते असं नाही. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर पांढरट पावडर राखेसारखी दिसते. आपल्याकडे बहुतेकींच्या त्वचेत पिवळसर झाक असते, त्यामुळे गुलाबी पावडरीपेक्षा पिवळसर पावडर मिसळून जाते. अमेरिकेत बेन नाय कंपनीची केळ्याच्या रंगाची ‘बनाना’ पावडर रंगमंचावरून घरोघरी गेली ती याचमुळे. पण अगदी सावळ्या वर्णावर तीसुद्धा उजळ पडते, तिथे मधाळ किंवा तांबूस छटा लागते. कॉम्पॅक्टचा रंग मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेवर बोटभर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि खिडकीशी जाऊन बघा. चेहऱ्याचं तेल मिसळलं की पावडर थोडी गडद होते, म्हणून लगेच ठरवायचं नाही. आणि हळदीच्या दिवशी तर अजिबात नाही. करवलीलाही हळद लागतेच, आणि दुसऱ्या दिवशीही चेहऱ्यावर पिवळेपणा उरतो. तेव्हाचा अंदाज चुकतो.

फोटोतल्या पांढरेपणाचं एक कारण रंग, दुसरं फ्लॅश. मी सुरुवातीच्या वर्षांत एका नवरीच्या रिसेप्शनला सिलिकाची, आरशात मुळीच न दिसणारी पावडर डोळ्यांखाली भरपूर लावली होती. हॉलमध्ये ती सुंदर दिसत होती. अल्बम आला तेव्हा प्रत्येक फोटोत डोळ्यांखाली दोन पांढऱ्या चकत्या. ती मुलगी मला काही बोलली नाही, पण तिच्या आईचा चेहरा मी विसरले नाही. सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइड फ्लॅशचा उजेड परत फेकतात, आणि डोळ्याला न दिसणारा थर कॅमेऱ्याला दिसतो. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या पावडरीची एकच परीक्षा घेते: अर्ध्या चेहऱ्यावर लावायची, खोलीत अंधार करायचा आणि चार-पाच फुटांवरून मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढायचा. तुम्हीही हे लग्नाच्या आधी करा.

आता कामं. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं काम एकच, बेस पक्का करणं, आणि ते नीट जमलं तर बाकीची आपोआप हाताशी येतात. इथे ब्रश नको, पफ घ्या. मखमली, बोटांत अडकवता येईल असा. पफला पावडर लावा, मग पफ दुमडून दोन्ही बाजू एकमेकींवर चोळा, म्हणजे पावडर पफाच्या आत जाते आणि वर फक्त पातळ थर उरतो. मग तो चेहऱ्यावर दाबायचा आणि किंचित लाटायचा, पोळपाटावर लाटणं फिरावं तसा. घासायचं नाही. घासलं की खालचं फाउंडेशन सरकतं आणि नाकाच्या कडेला गोळा होतं, तिथेच नंतर बेस फुटतो. नाकाच्या बाजूंना पफ अर्धा मुडपून टोकाने दाबा. सगळं झालं की मोठ्या मऊ ब्रशने वरून खाली झाडून घ्या, लव ज्या दिशेने वाढते त्या दिशेने. आजी उडालेलं कुंकू पुसायची ते हेच.

हा पफ-दाबण्याचा प्रकार रंगमंचाकडून आला. जर्मन ऑपेरागायक लुडविग लाइशनर यांनी १८७३ मध्ये तेलातले रंग तयार करून विकायला सुरुवात केली. तेलातला रंग चेहऱ्यावर चमकतो आणि पुसला जातो, म्हणून त्यावर पावडर दाबणं आलंच. १९३७-३८ च्या सुमारास मॅक्स फॅक्टर कंपनीने रंगीत चित्रपटांसाठी पॅन-केक आणला, ज्यात रंग आणि पावडर एकाच वडीत होती आणि ती ओल्या स्पंजने लावायची. आपल्या नाटकवाल्यांच्या तोंडी ‘पॅनकेक’ हा शब्द अजून आहे. आज ज्या कॉम्पॅक्टवर ‘ओला आणि कोरडा दोन्ही’ असं लिहिलेलं असतं, तो त्याच पॅन-केकच्या वाटेवरचा. तसं लिहिलं असेल तर तुमच्या डबीचा आणखी एक उपयोग झाला: स्पंज भिजवून घट्ट पिळा, कॉम्पॅक्टवर टेकवा आणि फाउंडेशनऐवजी तेच लावा. कोरड्यापेक्षा जास्त झाकतं. तसं लिहिलं नसेल तर पाणी डबीजवळही नेऊ नका. वडी कडक होते, आणि ओल राहिली तर बुरशी धरते.

पहिली सवलत इथे. सनस्क्रीन किंवा मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबायचं आणि फक्त नाक, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी यांवर पावडरीचा अगदी पुसट थर दाबायचा, मग फाउंडेशन. तेलकट भागावर हा खालचा थर तेल वर यायला उशीर लावतो आणि दुपारपर्यंत चेहरा टिकतो. हे ‘पावडरीवर ओलं’च आहे, पण दोन अटींवर चालतं: पावडर नावापुरती आणि फाउंडेशन ओलसर स्पंजने टिपून, घासून नाही. गालांवर हे करू नका, तुमचे गाल कोरडे आहेत, तिथे पापुद्रे दिसतील. तुम्ही सनस्क्रीन लावल्या लावल्या पूर्ण चेहऱ्यावर कॉम्पॅक्ट घासलात, म्हणून सनस्क्रीनसकट सगळं गुठळी झालं असणार. आणि कॉम्पॅक्टवर एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा छापलाय म्हणून सनस्क्रीन वगळू नका. तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजतात. पावडर तेवढी कोणीच लावत नाही.

दुसरी सवलत म्हणजे मधले थर. नाटकात आम्ही जाड थराऐवजी पातळ रंग, पावडर, पुन्हा पातळ रंग, पुन्हा पावडर असं करतो. नवरीला होमासमोर तासभर बसायचं असतं तेव्हा मी नाकावर आणि वरच्या ओठावर हे करते. एक जाड थर फुटतो तेव्हा ढलप्यासारखा निघतो, दोन पातळ थर झिजतात आणि झिजलेलं कोणाला कळत नाही. डागांनाही हेच: मुरुमाच्या डागावर कन्सीलरचा ठिपका, त्यावर पावडरीचं बोट, पुन्हा इवलासा ठिपका, पुन्हा पावडर. लूज पावडर असेल तर दोन थेंब फाउंडेशनमध्ये चिमूटभर मिसळून घट्ट कन्सीलरही होतो. करवलीला पूर्ण चेहऱ्यावर एवढं करायची गरज नाही.

डोळ्यांखालच्या रेघांबद्दल तुम्ही दोनदा लिहिलंय, तेव्हा तिथे थोडं थांबते. तिथली त्वचा पातळ, तेलग्रंथी अगदी थोड्या, आणि दर मिचकावणीला ती हलते. म्हणून तिथे कन्सीलर जितका कमी तितका बरा. तो फक्त आतल्या कोपऱ्यातल्या काळपटपणावर लावा. लावल्यावर अर्ध्या मिनिटात तो रेघेत उतरतो. पावडर लावण्याच्या क्षणी वर बघा, बोटाने किंवा स्पंजने ती रेघ पुसून सपाट करा आणि लगेच पावडर दाबा. बहुतेकजणी आधी उतरलेल्या रेघेवरच पावडर लावतात, मग ती रेघ पक्की होते, आणि दोष पावडरीला जातो. पावडर इतकी कमी घ्या की पफाच्या टोकावर दिसायलाही नको. बेकिंग, म्हणजे पावडरीचा जाड थर पाच-दहा मिनिटं ठेवून मग झाडणं, रंगमंचावरून आणि ड्रॅग कलाकारांकडून आलं. तिथे दिवे तापतात आणि प्रेक्षक लांब बसतात. लग्नात आत्या-मावशी हातभर अंतरावरून बघतात. वयाच्या विशीत, तेलकट त्वचेवर, रात्रीच्या कार्यक्रमाला मी ते करते. तुमच्यासाठी नाही करणार.

डोळ्यांभोवती या पावडरीचे आणखी उपयोग आहेत आणि ते निर्धास्त करा. पापणीवर आयशॅडोच्या आधी पावडर दाबली की रंग एका ठिकाणी अडकत नाही, ब्रश सरकतो. गडद रंग, काळा किंवा मरून, लावणार असाल तर आधी डोळ्यांखाली पावडर जरा जास्त ठेवा. वरून पडणारे रंगाचे कण तिच्यावर पडतील, शेवटी पंख्यासारख्या ब्रशने सगळंच उडवून द्या. काजळ पसरत असेल तर पापणीच्या केसांच्या खाली, बाहेरच्या त्वचेवर, छोट्या ब्रशने पावडर फिरवा. डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर मात्र कधीच नाही, आणि लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स घाला, मग मेकअप. मस्कऱ्याच्या दोन थरांमध्ये पापण्यांवर पावडर लावली की त्या दाट दिसतात. हे खरं आहे, पण डोळ्यात कण जातात, आणि करवलीने मंगलाष्टकांत डोळे चोळत बसावं असं मला वाटत नाही. सोडून द्या.

लिपस्टिक टिकवायला मात्र याहून स्वस्त उपाय नाही. एक थर लावा, टिश्यूचा एकच पदर वेगळा करून ओठांवर धरा, वरून ब्रशने पावडर फिरवा, टिश्यू काढा, दुसरा थर लावा. टिश्यूमधून गाळल्यासारखी बारीक पावडर तेवढी खाली जाते. लिपस्टिक मॅट होते आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत राहते. ओठ फुटलेले असतील तर हे करू नका, भेगा उठून दिसतील. आदल्या रात्री तूप लावून झोपा.

ब्लश फार झाला, कडा दिसतेय, भुवयांच्या पेन्सिलने डोळे वटारल्यासारखे झाले, अशा वेळी पुसायच्या आधी पावडर आठवा. पफावर राहिलेली, नवीन न घेतलेली पावडर त्या कडेवर दाबा. रंग एक पायरी खाली येतो. ब्लश पुसून पुन्हा लावायची वेळ माझ्यावर आजवर जितक्यांदा टळली, ती पफावर उरलेल्या या पावडरीमुळे.

चापाची नथ घालणार असाल तर नाकपुडी आधी टिपून पावडर दाबा, तेलावर नथ घसरते. टिकलीच्या जागेवरची पावडर मात्र ओल्या कापसाने पुसून, जागा वाळवून मग टिकली लावा, नाहीतर तिचा गोंद त्वचेऐवजी पावडरीला धरतो आणि वरमाला पडायच्या आत टिकली पडते. केसांच्या मुळाशी तेल सुटलं असेल तर भांगाच्या कडेने ब्रशने थोडी लूज पावडर, आणि बोटांनी चोळून नाहीशी करायची. काळ्या केसांत पांढरी दिसली तर जास्त झाली. कॉम्पॅक्टने हे नीट होत नाही.

एका पावडरीत न होणारी कामं दोनच. कॉन्टूरला, म्हणजे सावली देऊन चेहरा रेखीव दाखवायला, त्वचेपेक्षा गडद रंग लागतो आणि हायलायटरला चमक लागते. तुमच्या रंगाची मॅट पावडर हे दोन्ही करू शकत नाही. करवलीला कॉन्टूर नसला तरी काही बिघडत नाही. चमक हवी असेल तर पावडर गालाच्या उंचवट्यावर लावूच नका, तिथे फाउंडेशनची स्वतःची लकाकी राहू द्या. अंगाला लावायची टाल्कम पावडर चेहऱ्याला घेऊ नका. तिच्यात रंग नसतो आणि वास भरपूर असतो. आणि कोणतीही सैल पावडर फुंकर मारून किंवा आपटून उडवू नका, ती नाकातोंडात जाते. दमा असलेलं माणूस किंवा तान्हं बाळ त्या खोलीत असेल तर आणखी जपा.

तर लग्नाच्या सकाळी तुमचा क्रम असा ठेवा. सनस्क्रीन, दहा मिनिटांची उसंत (तेवढ्यात केस विंचरा), नाक-कपाळ-हनुवटीवर पावडरीचा पुसट थर. मग ओल्या स्पंजने फाउंडेशन, कन्सीलर आणि क्रीम ब्लश, तिन्ही एकामागोमाग, मध्ये पावडर नाही. मग डोळ्यांखालची रेघ पुसून तिथे पावडर, आणि नंतर पफाने बाकीचा चेहरा, गालांवर फक्त पफात उरलेलं. पापण्या, काजळ, ओठ. झाडणं. पावडर फार दिसायला लागली तर हातभर अंतरावरून साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा आणि हात न लावता वाळू द्या. पावडर त्वचेत विरघळल्यासारखी दिसते.

टचअपची एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण तुमचे हात मोकळे नसणार. मंगलाष्टकं सुरू असताना करवलीच्या हातात कऱ्हा असतो, मांडवात पंखा नवरीकडे वळवलेला असतो, आणि वरच्या ओठावर आलेला घाम तुम्हाला पुसता येणार नाही. म्हणून अंतरपाट धरायच्या दहा मिनिटं आधी आत जा. आधी टिश्यू किंवा टिपकागद नाकावर, वरच्या ओठावर, हनुवटीवर दाबून तेल-घाम टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. चेहरा कोरडा वाटला की मगच कॉम्पॅक्ट, आणि तोही फक्त तिथेच. दिवसभरात टिपायचं कितीही वेळा, पावडर मात्र दोनदाच. तेल लागलेला पफ पुन्हा पुन्हा वडीवर टेकवला की वडीवर काचेसारखा कडक थर धरतो आणि पावडर उठेनाशी होते. तुमच्या कॉम्पॅक्टवर तो आत्ताही असू शकेल. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, खालची मऊ पावडर निघेल. पफ आजच साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, आणि लग्नाच्या दिवशी तो बहिणींमध्ये फिरवू नका, एकीच्या चेहऱ्यावरचं तेल आणि जंतू दुसरीच्या चेहऱ्यावर जातात.

लग्नाला अजून दोन महिने आहेत. एखाद्या रविवारी सकाळी हाच सगळा क्रम करा, मेकअप झाल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून चार पोळ्या लाटा. मे महिन्यातल्या मांडवाची याहून चांगली तालीम घरात होत नाही. तासाभराने खिडकीत एक फोटो आणि अंधारात फ्लॅशचा एक फोटो काढा. नाकाची बाजू फुटली तर खालचा थर जाड झालाय. डोळ्यांखाली रेघा आल्या तर कन्सीलर निम्मा करा. फक्त फ्लॅशमध्येच चेहरा पांढरा आला, तर मात्र कॉम्पॅक्ट बदला, आणि नवा घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, जबड्यावर लावून रस्त्यावर या.